उभ्या ट्रॅक्टरचं अ‍ॅव्हरेज

दिवाळीनंतर डलासहून पुतण्याचा फोन आला. त्याने तिकडे पिकअप ट्रक घेतलाय आणि त्याच्यामागे ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, गॅस, संडास, सगळं. सुट्टीत चौघं जण निघतात, जंगलात जाऊन राहतात. पण गड्याचा सूर रडका होता. "नाना, एरवी लिटरला आठ किलोमीटर जाते, घर जोडलं की चारवर येते. काहीतरी बिघडलंय बहुतेक. तुम्ही इतकी वर्षं ट्रॉल्या ओढताय, तुमचं काय पडतं?"

मी म्हटलं, बिघडलेलं काही नाही. तू वाऱ्याशी भांडतोयस. ताशी शंभरने उंच भिंत ओढत न्यायची म्हणजे वारा पैसे मागणारच. वेग वाढतो तसा वाऱ्याचा अडथळा त्याच्या वर्गाने वाढतो. शंभरवरून ऐंशीवर ये, अडथळा एक तृतीयांशाहून जास्त उतरेल. दोन तास उशिरा पोचशील, पण टाकीत तेल राहील.

त्याला सांगून झालं आणि फोन ठेवल्यावर माझीच वही काढून बसलो. मी मोहोळ तालुक्यातला. पंचावन्न हॉर्सपॉवरचा एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आणि गेल्या बावीस हंगामांची ऊस वाहतूक. दोनशे पानी वहीत खेपेगणिक डिझेल लिहायची सवय आहे. पुतण्याला वाऱ्याचं गणित सांगितलं, पण आमचं गणित वेगळंच आहे. ते नीट मांडलं तर सोलापूर जिल्ह्यातल्या साखरधंद्याचं एक दुखणं दिसतं. म्हणून हे लिहितोय.

आधी साधा हिशेब. भरलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांतला वीस टन ऊस आणि ट्रॅक्टर मिळून पंचवीस टनांच्या पुढे वजन जातं. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर हे वजन नुसतं गडगडत ठेवायला टनामागे पंधरा ते वीस किलोची ओढ लागते. म्हणजे हुकावर चारशे-पाचशे किलोचा ताण. शंभर फुटांत दोन फूट चढ आला की तितकाच ताण आणखी वाढतो. डोळ्यांना तो चढ दिसतसुद्धा नाही, मोटारसायकलवाल्याला कळत नाही, पण ट्रॅक्टर हाय तिसऱ्यातून दुसऱ्यात येतो आणि सायलेन्सर काळा होतो. आमचा वेग ताशी पंधरा-अठरा. एवढ्या वेगात वारा काही मागत नाही. आमच्याकडून मागतात ते वजन, चढ, माती आणि चौथं एक, त्याच्याकडे येतोच.

माझ्या वहीत भरलेल्या खेपेला डांबरीवर लिटरला सव्वादोन ते अडीच किलोमीटर पडतात. रिकाम्या परतीला पाचच्या आसपास. एका लिटर डिझेलमध्ये विजेच्या हिशेबाने दहा युनिट ताकद असते. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा इंजिन कामाला लावतं, बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. जी उरते ती गिअरबॉक्स आणि टायर यांच्या हातून हुकापर्यंत पोचता पोचता आणखी कमी होते. त्यामुळे कोणी म्हणालं की अमुक गोळी टाकीत टाका, लिटरला एक किलोमीटर वाढेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

वाचवायच्या जागा आहेत, पण त्या चकचकीत नाहीत. माझे आजोबा कुर्डूवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. वय उताराला लागलं तरी त्यांची एक सवय सुटली नाही. बैलगाडी घरी आली की ते चाकाच्या तुंब्याला पालथा हात लावून बघायचे. ट्रॅक्टर आल्यावर मी तेच करतो. दहा किलोमीटर गेल्यावर थांबायचं, आठही हबला पालथ्या हाताने शिवायचं. सात कोमट आणि एक चटका देणारा, म्हणजे त्या चाकाचं बेअरिंग ग्रीस मागतंय आणि तोवर डिझेल पितंय. तसंच टायरचं. टॉमीने ठोकून आवाज ऐकायचा, टणक वाजला तर ठीक, बद्द वाजला तर हवा कमी. हवा कमी असलेलं टायर दर फेऱ्याला चेपतं आणि उलगडतं, त्या मळण्याचं काम डिझेलच करतं. जोडीतलं एक टायर रिमोल्ड आणि एक नवं असं घालणारे बरेच आहेत, त्यांत लहान-मोठ्याचं घासणं वेगळं.

आजोबांच्या त्या कारखान्यामागेही ओढण्याच्या काटकसरीचीच गोष्ट आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डूवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि 1927 साली मिरजेपर्यंत गेली. ती उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. रूळ अडीच फुटी, हलके. त्याने नियम घातला की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये आणि भार सगळ्या आसांवर सारखा वाटला गेला पाहिजे. हलक्या रुळावर जास्तीत जास्त माल कसा जाईल आणि डब्याचं स्वतःचं मेलं वजन कमी कसं राहील, हे त्याने आधी कागदावर सोडवलं आणि मग गाडी सोडली. लोखंडावर लोखंड गडगडतं तेव्हा टनाला दोन-तीन किलोची ओढ पुरते, डांबरीच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकी. ती रेल्वे आता ब्रॉडगेज झाली, पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात ओढण्याचा खर्च आस मोजून काढला जात होता. आज आम्ही पंचवीस टन ओढतो आणि कुणी काही मोजत नाही.

ऊस डांबरीवर उगवत नाही. फड असतो आत, शिवेच्या रस्त्याला. कॅनॉलचं पाणी सुटलेलं असलं की वाट चिखलाची. मऊ मातीत चाक रुततं आणि ओढ डांबरीच्या चार-पाच पट होते. पंचावन्न हॉर्सपॉवरची ताकद असून उपयोग नसतो, कारण मागची चाकं जागीच फिरतात. मग एक-एक ट्रॉली सोडून बाहेर काढायची, नाहीतर पुढे दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावायचा. ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं की ऊसतोड टोळीतली दोन पोरं पुढच्या बंपरवर उभी राहतात. हे लिहितानाही अंगावर काटा येतो, पण हे रोज होतं. एका किलोमीटरच्या त्या वाटेला माझं दोन-तीन लिटर डिझेल जातं. तेवढ्यात डांबरीवर भरलेली खेप सहा-सात किलोमीटर गेली असती. सरकारने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती याचसाठी. आमच्या शिवारात एका वाटेवर मुरूम पडला, तिथली खेप मी वहीत वेगळ्या शाईने लिहिली आहे. दोन लिटर वाचलं. रस्त्याचं अनुदान म्हणजे डिझेलचं अनुदान असतं, हे त्या शाईने मला शिकवलं.

आता चौथं मागणारं, म्हणजे उभं राहणं.

कारखान्यावर पोचलं की नंबर लावायचा. हंगाम भरात असला की यार्डात दोनशे-अडीचशे वाहनं. ट्रक, ट्रॅक्टर, जुगाड, टायरच्या बैलगाड्या. गव्हाणीत ऊस पडेपर्यंत कधी सहा तास, कधी चौदा, मिल बंद पडली तर दीड दिवस. दर दहा-पंधरा मिनिटांनी रांग चार ट्रॉल्यांनी पुढे सरकते. आता म्हणाल इंजिन बंद ठेवा. बंद ठेवतोच. पण दहा जणांतल्या चौघांचा सेल्फ धड नसतो. बॅटरी उतरलेली, दिवसभर टेपवर गाणी वाजवून आणखी उतरलेली. इंजिन बंद केलं आणि रांग हलली तेव्हा चालू झालं नाही, तर मागचे शिव्या घालतात आणि पुढे घुसतात. म्हणून इंजिन घुर्रघुर्र चालू. उभा ट्रॅक्टर तासाला लिटरभर पितो. परवाच्या खेपेचं पान उघडं आहे. तीस किलोमीटरची भरलेली वाट, साडेबारा लिटर. तीस किलोमीटर परत, सहा. शिवारात अडीच. यार्डात चार. एकूण पंचवीस लिटर, म्हणजे नव्वदच्या भावाने सव्वादोन हजार रुपये. त्यातलं पाव हिश्शाहून जास्त डिझेल असं जळालं की त्याचे पैसे कुणी देत नाही. आमचा करार टनावर आणि किलोमीटरवर. मातीचा दर वेगळा नाही, उभं राहण्याला दरच नाही.

एवढ्यावर थांबलो तर मी लबाड ठरेन, म्हणून आमच्या माणसांचंही सांगतो. पैसे टनावर म्हणून आम्ही ट्रॉल्या टोकापर्यंत भरतो. वीसच्या जागी पंचवीस-सव्वीस टन. खरं सांगायचं तर त्याने टनामागे डिझेल थोडं वाचतंसुद्धा, कारण रिकामी परतीची वाट जास्त टनांत वाटली जाते. पण ते वाचलेलं क्लच, टायर आणि हब खाऊन टाकतात. आणि रात्री मागच्या ट्रॉलीवर रिफ्लेक्टर नसताना एखादा मोटारसायकलवाला घुसतो, त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा? दुसरी खोड पंप वाढवून घ्यायची. मिस्त्रीकडे जायचं आणि डिझेल जास्त सोडायला लावायचं. चढाला ताकद वाढल्यासारखी वाटते, पण तो काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. नव्वद रुपये लिटरची काजळी.

तिसरी खोड सगळ्यांत वाईट. भीमेच्या पुलाकडे उतार लागला की ड्रायव्हर न्यूट्रल करतो. म्हणतो डिझेल वाचतंय. ट्रॉल्यांना ब्रेक नाही, मागून पंचवीस टन रेटतायत आणि हा मोकळ्या गिअरमध्ये. मी माझ्या ड्रायव्हरला गाडी थांबवून एकदा पंप दाखवला. गिअरमध्ये असताना रेस सोडली आणि उताराने इंजिन फिरवायला सुरुवात केली की पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडून टाकतो. इंजिनच ब्रेक होतं आणि पीतही नाही. न्यूट्रल केलंस तर मात्र इंजिनला स्वतःला चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे तू जास्त डिझेल जाळून ब्रेक गमावतोयस. त्याला पटलं. पण जिल्ह्यातल्या हजारो ड्रायव्हरांना हे कोण सांगणार? हंगामाच्या सुरुवातीला कारखाना मोळी टाकण्याचा समारंभ करतो, हार-तुरे होतात. त्याच मांडवात तासभर ड्रायव्हरांना बसवलं तर?

आता खर्च कोणाच्या खिशातून जातो ते पाहू. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3550 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त किमान भाव, ठरली. पण ती कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाची. तोडणी आणि वाहतूक त्यातून वजा होते, आणि ती सातशे-आठशेच्या पुढेच असते. शिवाय ती वजावट पडते सरासरीने. कारखान्याच्या भोंग्याचा आवाज ज्याच्या फडात ऐकू येतो त्यालाही तेवढीच आणि साठ किलोमीटरवरून ऊस आणलेल्यालाही तेवढीच. म्हणजे जवळचा शेतकरी लांबच्या उसाचं डिझेल भरतो. झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, गेली हे चांगलंच झालं, शेतकऱ्याला चार दारं मोकळी झाली, मला ती परत नको आहे. पण जानेवारीत एका संध्याकाळी टेंभुर्णीच्या चौकात उभं राहून बघा. उसाच्या ट्रॉल्या अकलूजच्या अंगाला जातात, उसाच्याच ट्रॉल्या तिकडून कुर्डूवाडी-करमाळ्याच्या अंगाला येतात. एकमेकांना हॉर्न देतात. दोघांचंही डिझेल जळतंय आणि ते शेवटी बिलातून कापलं जातंय. वजावट अंतराप्रमाणे टप्प्याने झाली तर ही उलटसुलट वाहतूक आपोआप थोडी आटेल. लांबचा ऊस आणायचाच असेल तर त्याचं भाडं कारखान्याने स्वतःच्या नफ्यातून सोसावं.

वाहनवाल्याची कोंडी वेगळी. डिझेलचे भाव 2014 साली मोकळे झाले, जून 2017 पासून रोज बदलू लागले. वाहतुकीचा करार मात्र हंगामाला एकदा. मुकादमाला उचल देऊन झालेली, टोळी आलेली, ट्रॅक्टरचा हप्ता चालू. आता मागे फिरता येत नाही. मग तूट भरून काढायची कुठून? शेतकऱ्याकडे एंट्री, म्हणजे फडात गाडी घालायचे वरचे पैसे मागायचे, खुशाली मागायची, नाहीतर ऊस नेत नाही म्हणून अडून बसायचं. एंट्रीला मी शिव्याच घालतो, मी स्वतः ऊसवाला आहे. पण यार्डात फुकट जळालेलं ते चार लिटर डिझेल शेवटी एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर वसूल होतं, हे मला बावीस हंगामांनी दाखवलंय.

कारखान्याची बाजूही समजते. मिल रात्रंदिवस चालते, गव्हाण रिकामी राहिली तर लाखोंचं नुकसान. थोडा ऊस यार्डात थांबलेला हवाच. पाऊस झाला, बॉयलरला काही झालं, तर रांग लांबणारच. पण चार तासांचा साठा आणि चौदा तासांची रांग यांत फरक आहे. चौदा तासांत माझं डिझेल जातं, शेतकऱ्याच्या तोडलेल्या उसाचं वजन उन्हात घटतं, आणि कारखान्याचा उतारा उतरतो. तिघांचंही नुकसान, तरी त्याला वाली नाही. कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं.

आणि माझं म्हणणं एवढंच आहे, ते लिहा. माझ्याकडे काट्याच्या पावत्यांचा गठ्ठा आहे. प्रत्येकीवर ट्रॉली काट्यावर चढल्याची वेळ आहे, वजन आहे, शेतकऱ्याचा कोड आहे, वाहनाचा नंबर आहे. यार्डाच्या फाटकात शिरल्याची वेळ एकाही पावतीवर नाही. फाटकावर माणूस बसलेला असतो, तो नंबराचा बिल्ला देतो, वहीत नोंदही करतो. ती वेळ पावतीवर छापायला नवा कॉम्प्युटर लागत नाही, नवा कायदा लागत नाही. एकदा ती छापली की दोन वेळांमधलं अंतर सगळ्यांना दिसेल. शेतकी ऑफिसला कळेल की कुठल्या दिवशी किती तोड जास्त दिली. तोडीच्या स्लिपा वाटणारा चिटबॉय त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या स्लिपा कमी देईल. आणि करार करताना सहा तासांपुढच्या प्रत्येक तासाला लिटरभर डिझेलचे पैसे, एवढं एक कलम मागायला आमच्या हातात कागद असेल. मोबाइलवर टोकन, वेळ ठरवून बोलावणं हे नंतर. आधी फाटकातली वेळ.

कॅलथ्रॉपने आधी आस मोजले, मग नियम केला. आजोबा आधी हात लावून बघत, मग ग्रीस भरत. चटका कुठे बसतो ते कळल्याशिवाय कुठे काय करायचं ते कळत नाही, आणि आमच्या धंद्यात चटका बसणारी जागाच पावतीवरून गाळलेली आहे.

पुतण्याने परवा पुन्हा फोन केला होता. ऐंशीने चालवतोय, पाचवर आलंय म्हणाला, खुशीत होता. मग विचारलं, "तुमचं सांगितलंच नाही तुम्ही." मी वहीचा फोटो काढून पाठवला. या हंगामापासून त्या वहीत एक रकाना वाढवलाय. भरलेलं, रिकामं, शिवार यांच्यापुढे आता चौथा, उभं. त्यात तासही लिहितो आणि लिटरही. शेजारच्या तिघा ट्रॅक्टरवाल्यांच्या वह्यांत मी स्वतः पट्टीने ती रेघ मारून दिली आहे. पुढच्या हंगामाच्या कराराला जाताना या चार वह्या बरोबर घेऊन जाणार आहोत. जिल्ह्यातल्या बाकीच्यांनी रेघ मारायला सुरुवात केली, तर साहेबांच्या टेबलावर वह्यांची चळत होईल.